मेट्रनबाईंचा गुरुवार

घरगुती प्रार्थनासभेत पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची आमच्या चर्चच्या मंडळीची पद्धत. पाळी मेट्रनबाईंकडे आली की घरात नुसता पंखा ऐकू यायचा. बाई डोळे मिटून ताठ बसलेल्या आणि गप्प. पोरं एकमेकांना चिमटे काढत, मोठी माणसं घसा खाकरत. कुणी अधीर होऊन पुढची प्रार्थना सुरू केलीच, तर बाई डोळे न उघडता म्हणत, "थांबा नं. माहं व्हायचं हाय अजून."

मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या सक्करदऱ्याला एकट्या राहत. आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाची हाक त्या टोकाला जावी. तेव्हा बाईंना बोलता येत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, इतकं गप बसून मले तर कंटाळा येते." त्या एकदम खूश झाल्या. "येऊ दे नं वं! कंटाळा आला म्हणजे तुहं सामान संपलं. आता देवाले बोलू दे."

माझा नवरा अचानक गेला तेव्हा घर माणसांनी भरलं. यातही प्रभूची योजना असेल, चांगली माणसं देवाला लवकर लागतात, असं जो तो सांगत होता. हातातला कप भिंतीवर फेकावासा वाटत होता. बाई आल्या आणि दुपारभर माझ्याजवळ बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना बायबलातला दाखला देऊन एवढंच म्हणाल्या, "ईयोबाचं सारं गेलं तवा त्याचे दोस्त गप बसले होते तोवर शायने होते. तोंड उघडलं अन् बिघडलं सारं. गुरुवारी माह्या घरी ये."

त्यांच्या घरी दर गुरुवारी आम्ही तिघीचौघी नुसत्या बसायचो. गीत नाही, वचन नाही, फोन बाहेर चपलांजवळ. कित्येक गुरुवार मी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकण्यात घालवले. मग एकदा कंटाळून कंटाळून मन पार रिकामं झालं आणि मी आतून ओरडले, देवा, मला तुझी योजना नको, माझा माणूस हवा! उत्तर आलं नाही. पण मला न रागावता कुणीतरी ते ऐकून घेतलं, याची खात्री पटली. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

चर्चच्या कमिटीला हे खपेना. दोघं जण येऊन म्हणाले, हे ख्रिस्ती नव्हे, ध्यानधारणेचं खूळ आहे. निदान चार गीतं घ्या, तरुण मंडळी येतील. बाई कडाडल्या, "प्रभू चाळीस दिवस रानात होता, तो काय पेटी-ढोलकी घेऊन गेल्ता का? अन् तरुणायले येऊ द्या तसंच. त्यायले कोनी कंटाळूच देत नाही, बिचाऱ्यायले!" मग दोघांना चहा पाजून वाटेला लावलं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. दफनानंतर पाळकसाहेबांनी मोठ्या प्रेमाने जाहीर केलं की बाईंच्या स्मरणार्थ गुरुवारची सभा आता चर्चच्या हॉलमध्ये भरेल, कीबोर्ड आणि स्क्रीनसह. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मंडळीत कधी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी उभी राहिले.

"नाही," मी म्हटलं. "गुरुवार आता बेसा वस्तीत, माह्या घरी. गाणं नाही, भाषण नाही. ज्याले कंटाळा सोसते त्यानं यावं."

"एकट्याच बसाल, ताई," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"बसीन."

पहिल्या गुरुवारी खरंच कोणी आलं नाही, बाईंकडे येणाऱ्या दोघीतिघीही नाहीत. मी तासभर बसले. बाईंच्या आठवणीने रडले, मग भरपूर कंटाळले. या गुरुवारीही दार उघडं ठेवणार आहे.