गल्लीत कुणी राहिलं न्हाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकांना नाही, लेकीला नाही. प्रार्थना करतानासुद्धा या जागेपाशी आले की मी दुसरं काहीतरी मागायला लागते — देवाला का ठाऊक नाही? तरी मागते.

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी आमचं गाव. मी तिथल्या अंगणवाडीची बाई. मोठा पूर आला त्या वर्षी मी खालच्या गल्लीतल्या पाच म्हाताऱ्या बायकांना गळाभर पाण्यातून बाहेर काढलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मंडळीत माझी साक्ष झाली, बायका रडल्या, शाल मिळाली. साक्षीत खोटं काही नव्हतं. मला पोहता येत नाही. लहानपणापासून पाण्याची अशी धास्ती, की विहिरीत कधी वाकून बघितलं नाही. त्या सकाळी कमरेला दोर बांधून शाळेच्या पायरीवर उभी राहिले, डोळे मिटले आणि म्हटलं — प्रभू, पाय माझे, पण टाक तू. आणि भीती गेली. खरंच गेली. शाळेचे मास्तर दोराचं दुसरं टोक धरून होते. मी पाच खेपा केल्या.

साक्ष मी तिथंच थांबवली. सहावी खेप राहिली.

ती सांगायची तर आधी बाळाप्पा आप्पांचं सांगायला हवं. त्याच गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. गावात त्यांचा शब्द चालायचा. पुराच्या सहा वर्षं आधी माझा नवरा विलास गेला. ओढ्याकाठी खड्डा खणून झाला होता. आमची दोन पिढ्यांची माणसं तिथंच पुरलेली. आप्पा आले, खड्ड्याच्या कडेला काठी टेकून उभे राहिले.

"हितं न्हाय. तुमच्या लोकांच्या मातीला गावात जागा न्हाय. निपाणीला न्हेवा."

याच आप्पांच्या आईला विलासनं एकदा पाठुंगळीवर दवाखान्यात नेलं होतं. कोण काय बोललं? कुणी नाही. खड्डा त्यांनी आमच्याच पोरांकडून बुजवून घेतला. निपाणीत जागा मिळेपर्यंत टेम्पोत, भर उन्हात, विलास चार तास पडून होता. मी पदरानं माश्या वारत होते.

क्षमा कर, असं पाळक म्हणाले. मी मान डोलावली. दर रविवारी डोलावली. मनात मात्र त्या माणसाला मी रोज पुरत होते — आणि रोज उकरून काढत होते, पुन्हा पुरता यावं म्हणून. देवाकडं मी काय मागायचे, सांगू? एकदा, एकदाच, ह्याला माझी गरज पडू दे.

पडली.

शेवटचं घर बघायला मी सहाव्यांदा पाण्यात उतरले. मुलगा-सून आदल्या दिवशीच बाहेर पडली होती. आप्पा हट्टानं मागं राहिले होते. माळ्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ते ओरडत होते.

"बाई! हिकडं! सुशीलाबाई, दोर टाका की!"

मी थांबले. दहा-बारा हातांवर होते ते. मी त्यांना बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"आप्पा," मी म्हटलं, "ह्या दोरावर तुमच्यासाठी जागा न्हाय."

आवाजसुद्धा चढला नाही माझा. मी मागं फिरले. गल्लीच्या वळणामुळं मास्तरांना काही दिसलं नव्हतं, पाण्याच्या लोंढ्यात ऐकूही आलं नव्हतं. शाळेपाशी जवानांची बोट लागली होती. खाली आणखी कोण आहे, त्यांनी विचारलं. मी मास्तरांना म्हटलं, "गल्लीत कुणी राहिलं न्हाय." त्या भल्या माणसानं माझं खोटं कन्नडमधून जवानांना सांगितलं. बोट दुसऱ्या वस्तीकडं गेली.

आप्पा तिसऱ्या दिवशी सापडले. जिवंत. पाणी माळ्यावर चढलं होतं. तुळई धरून ते त्यात उभे होते. पाय कुजले होते. बेळगावात एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर चार वर्षं ते दारात बसून असायचे. अंगणवाडीला जायला दुसरी वाट होती, तरी मी त्यांच्याच दारावरून जायचे. पायाकडं बघायचे. त्या दिवसांत मला झोप छान लागायची — खोटं कशाला सांगू? त्यांनी कधी कुणाला काही सांगितलं नाही. का? मला ठाऊक नाही.

पाळक अजून म्हणतात, विश्वासानं धैर्य येतं ते सुशीलाबाईंकडं बघा. आलं होतं. भीती गेली म्हणून मी पाच जणींना काढलं. भीती गेली होती म्हणूनच आप्पांना सोडू शकले — गावाची भीती नाही, पोलिसांची नाही, त्या घटकेला देवाचीही नाही. त्यानं दिलेलं धैर्य मी असं वापरलं.

गेल्या महिन्यात आप्पा वारले. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. त्यांची सून पार्वती माझ्यापाशी येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"बाई, तुमी त्या दिवशी गल्लीत शेवटपतुर गेलता न्हवं? आमच्या आप्पांची हाक तुमास्नी आली न्हाय व्हय?"

"न्हाय गं," मी म्हटलं.

आली होती. पार वळणापर्यंत येत होती. आणि ती आणखी थोडा वेळ ऐकू यावी म्हणून मी सावकाश चालले होते.