शांताचं मंगळसूत्र

सिरसाळ्याच्या लेकीसुनांनो, तुमी मागचं बारसं विसरलात, म्हणून हे सांगून लिहून घेतलंय. येत्या हप्त्यात माझ्या नातीचं, शांताचं लग्न हाय.

आज मिशनची गोरी मडम म्हणाली, "गिरजाघरात मंगळसूत्र बांधायचं न्हाई. ते हिंदूंचं."

शांता रडायलाच बसली. "मोकळ्या गळ्यानं गावात कशी फिरू?"

मिशनच्या दवाखान्यातली मलबारची डॉक्टरीण तिथंच होती. तिनं पदराआडून आपलं मंगळसूत्र काढलं. इवल्या सोन्याच्या पानावर बारीक क्रूस होता.

"मडम, तुमची जहाजं यायच्या आधीपासून आमी येशूचे. आमच्यात हे गिरजाघरातच बांधतात."

मडमेनं ते लई वेळ न्याहाळलं. मग विचारलं, "इथल्या सोनाराला क्रूस जमेल?"

येशूचं व्हायला विलायती व्हावं लागत न्हाई, हे मडमेला अन् मला आज एकदमच कळलं. तुमाला ठाऊक होतं का?

लग्नाला शेंगापोळ्या पाठवा. गुळात हात आखडू नका.