देवीकडे पाय करून झोपलेली बाई

एका खर्चात दोन कामं होत असतील तर मी कधी नाही म्हणत नाही. नवरात्रात वज्रेश्वरीला ओटी बोलले होते, ती राहून गेली होती. आणि आमच्या ऋतुजाला चित्र काढायला कुठेतरी बाहेर जायचं होतं. लेक चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे वर्षाअखेर प्रदर्शन भरतं. गेल्या वर्षी तिचं चित्र भिंतीवर लागलं नाही. सर म्हणाले, "मोबाईलमधला फोटो बघून काढतेस, ते कळतं. बाहेर जाऊन बस, बघ, मग काढ." यंदाचा विषय होता 'निसर्गात विसावा'. चित्र सोमवारी द्यायचं होतं आणि शनिवारी रात्री कागद कोरा. कामतघरच्या वस्तीत विसावा कुठून आणणार? आमच्या मागच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. ताटातली आमटीसुद्धा थरथरते.

मी म्हटलं, "चल देवीला. दर्शन माझं, निसर्ग तुझा."

रविवारी सकाळी भाकऱ्या, ठेचा, ओटीचं सामान आणि बसायला पोतं घेऊन निघालो. (ओटी घरूनच न्या. देवळाबाहेर तोच खण दुप्पट भावाने मिळतो.) ऋतुजाच्या काखेत चित्राची फळी, तिच्यावर कागद ताणून चिकटवलेला. शेअर रिक्षावाला ओरडला, "आंटी, तख्ता अंदर लो, किसी की गर्दन जाएगी!" मी ती फळी एस.टी. स्टँडपर्यंत छातीशी धरून बसले, जणू जेलात नेण्याआधी पाटी धरून माझा फोटो काढतायत.

एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी प्रवासाला हल्ली चटकन तयार होते. कंडक्टरने फळीकडे बघून विचारलं, "ताई, या पाटाचं अर्धं की पूर्ण?"

"पाट बाईमाणसाचा आहे," मी म्हटलं, "अर्धंच होईल." पाटाचं त्याने काहीच घेतलं नाही, देवी त्याचं भलं करो.

वाडा रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल काय लिहू? गरोदर बाई, कंबरेचा आजार आणि अंडी यांनी शेवटच्या सीटवर बसू नये. अंबाडी नाक्याला बस वळली की मात्र जीव हलका होतो. गोदामं संपतात, पळसाला लाल फुलं दिसतात. नाक्यावर वालाच्या शेंगा स्वस्त होत्या, खिडकीतूनच किलोभर घेतल्या.

दर्शन छान झालं. पायऱ्या आहेत, पण मध्ये थांबत गेलं तर गुडघे बोलत नाहीत. ओटी भरली, ऋतुजाचं चित्र यंदा लागू दे म्हणून वरून साखर ठेवली. मग रिक्षाचे पैसे वाचवून चालत नदीकडे गेलो. गरम पाण्याच्या कुंडांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही मधल्या वारी जा. आम्ही पुढे जाऊन तानसेच्या काठी एका करंजाच्या झाडाखाली पोतं पसरलं. नदी बारीक झालेली, तरी वाहत होती. समोर झाडांच्या वर देवळाचा कळस दिसत होता. मी लांबूनच हात जोडले.

ऋतुजाने नदीतून डबाभर पाणी आणलं आणि बसली. मीही बसले. आता मला नुसतं बसता येत नाही, हा माझा जुना रोग. आधी भाकरीचे रिकामे डबे घासून आणले. मग झाडाखालचा पाला झाडला.

"आई, तो पाला मला चित्रात हवा होता."

"कचरा कसला हवा होता?"

मग वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या. मग तिच्या मागे उभी राहून नदी जरा निळी कर म्हणून सांगितलं. मॅट्रिकला मला चित्रकलेत पासापुरते मार्क होते, पण सल्ल्याला मार्क लागत नाहीत.

"आई," ऋतुजा ब्रश खाली ठेवून म्हणाली, "विषय विसावा आहे. तू इथे कारखाना काढलायस. पाच मिनिटं आडवी हो. देवीची शपथ."

देवीची शपथ घातल्यावर काय करणार? आडवी झाले. डोक्याखाली शेंगांची पिशवी घेतली. पानांतून ऊन खाली येत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मनात म्हटलं, उद्याच्या डब्याला वालाचं बिरडं... त्यापुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन पार पलीकडे गेलेलं आणि ऋतुजा फळीकडे बघत बसलेली. नदीचं चित्र तिने सोडून दिलं होतं. कागद फळीवरून सोडवून, उलटून दुसऱ्या बाजूला मला काढलं होतं. खरं सांगते, मला ते माझं आहे हे पटेना. झाडाखाली कोणी बाई सुखाने पडली होती, साडीवर उन्हाचे ठिपके, हात मोकळा पडलेला. इतकी निवांत बाई आमच्या घराण्यात झालेली नाही.

मग माझं लक्ष पायांकडे गेलं. चित्रात पाय सगळ्यात ठळक, मोठाले, टाचांच्या भेगा एकेक काढलेल्या. आणि दोन्ही पायांच्या पलीकडे, दूर, देवीचा कळस.

"अगं कार्टे! मी देवीकडे पाय करून झोपले?"

"हो."

"उठवायचं ना मला!"

"उठवलं असतं तर चित्र कुठून आलं असतं?"

आमच्या एका खोलीत कोणी कुठे डोकं करायचं ते देवघर बघून ठरतं. पाहुणा झोपला तरी मी त्याची उशी फिरवते. आणि मी दिवसाढवळ्या, ताजी ओटी भरून, प्रत्यक्ष वज्रेश्वरीला तळवे दाखवून घोरले. शिवाय ते रंगवून कॉलेजच्या भिंतीवर.

"कळस पुसून टाक."

"पुसला जात नाही."

"मग ढग काढ त्याच्यावर. नाहीतर माझ्या पायांवर गोधडी टाक."

"नदीकाठी गोधडी कुठून आली आई? पाय हेच तर चित्र आहे." मग ती हळूच म्हणाली, "तुला नको असेल तर नाही देत. यंदा राहू दे." आणि रंगाच्या वड्या आवरायला लागली. एकच वडी तिने तीनदा पुसली, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

परत देवळाशी गेलो. बाहेर ओटी-नारळ विकणाऱ्या बाईला मी विचारलं, "मावशी, झोपेत पाय देवळाकडे झाले तर काय करायचं?"

ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "नारळ वाढवायचा. मोठा घ्या, पाय दोन हायेत."

मोठा घेतला. वाढवला. माफी मागितली. पण चित्र तसंच्या तसं होतं, ते काही नारळाने बदललं नाही. येताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली, मी दाराकडे. फळी मध्ये.

घरी मी ते चित्र थेट सासूबाईंपुढे ठेवलं. मला पाय कुठे करावेत हे शिकवलं त्यांनीच, तेव्हा निकाल माझ्या बाजूने लागणार याची खात्री होती. त्यांनी चष्मा लावला.

"ही कोन गो?"

"मी."

"निजलीस?"

"हो."

"दुपारची?"

मी मान खाली घातली. त्यांनी फळी उजेडाला धरली. ऋतुजा दाराशी नखं खात उभी.

"आई, मागे कळस आहे बघा," मी दाखवून दिलं. "पाय देवीकडे झालेत. हे असं लोकांसमोर न्यायचं का?"

"दिसतंय मना, आंधली न्हाय मी." त्यांनी कागदावरच्या टाचेवरून बोट फिरवलं. "बघू दे की देवीला. दरसाल नुस्ती ओटीच बघते ती. टाचा कवा बघनार?"

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बिरड्यात गूळ जरा जास्त घाल म्हणाल्या. सोमवारी सकाळी मी स्वतः ती फळी चादरीत बांधून दिली.

प्रवासाचा हिशेब विचाराल तर तिकीट, रिक्षा, एक जास्तीचा नारळ, एवढंच. निम्म्या शेंगा किडक्या निघाल्या, त्यांचं दुःख आहे. पाय थोडे दुखले. बाकी त्या करंजाखालची झोप मला अजून अधूनमधून आठवते, विशेषतः भांडी घासताना, आणि मग मी उगाच नळ थोडा वेळ चालू ठेवते. पाणी वाया जातं, कळतं मला. वज्रेश्वरीला गेलात तर दर्शन झाल्यावर लगेच परतू नका, एवढंच सांगते. पोतं घरून न्या.

चित्र लागलं. भिंतीवर, दाराजवळ, चांगल्या उजेडात. प्रदर्शनाला मी नवी चप्पल घालून गेले, साडी घोट्याच्या खाली नेसले, न जाणो कोणी ताडून बघायचं. चित्रासमोर उभी राहिले. कळस दिसला, तसे माझे हात आपोआप जुळले, डोळे मिटले.

ऋतुजा कानाशी कुजबुजली, "आई, हात खाली कर. तू स्वतःच्याच पाया पडतेयस."

मी डोळे उघडले. माझ्या मागे दोन अनोळखी बायका उभ्या होत्या. मी करतेय म्हणून त्यांनीही हात जोडले होते.