खिसे झाडून जावा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला तर नाहीच. आणि तुम्ही आत्ता काय धरून चाललाय तेही मला कळतंय — आटपाडीचं पोरगं, चेन्नईत सावकारपेठेत मामाची सोनं गाळायची भट्टी, म्हणजे ह्यानं सोनं मारलं. नाही हो. चिमूटभरसुद्धा नाही. मारलं असतं तर परत तरी देता आलं असतं.

माझी कला वेगळी. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा सगळी शाळा मधल्या सुट्टीत घरी पाठवली होती. मार खाल्ला, पण गावात नाव झालं. मामाचा आवाज तर काय — आधी खाकरायचं, मग नाकातून बोलायचं. झाला मामा.

भट्टीवर तात्या होते. मामाला काम त्यांनीच शिकवलेलं, मलाही तेच शिकवायचे. केर बाहेर टाकायचा नाही, त्यात सोन्याची धूळ असते. दुकान सोडताना हातपाय घमेल्यात धुवायचे, ते पाणी ओतायचं नाही. सोनं वितळताना मोबाइल बघायचा नाही. रोज तेच. आणि एक दिवस गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "भाचेबुवा, एवढी झुलपं ठेवलीत, ती पण ताटात विंचरा. तोळाभर निघंल."

समोर दागिने घडवणारे आसारी बसलेले. त्यांना मराठी येत नाही, पण तात्यांनी कंगवा पुढं केल्यावर सगळे हसले. मी विंचरले. दात काढत विंचरले.

एवढंच. एवढ्यावरून कुणी — पण मी केलं.

दुसऱ्या दिवशी तात्या सोनं गाळताना लागणारा टाकणखार आणायला गेले, तेवढ्यात मामा तांबरमला निघून गेला. तात्या परत आले, त्यांना वाटलं मामा रोजच्यासारखा माळ्यावर झोपलाय. माळ्यावर मी होतो. मी खाकरलो. आणि नाकातून म्हणालो, "तात्या, आजपासनं जाताना खिसे झाडून दाखवत जावा."

साधं वाक्य वाटतंय ना? आमच्या धंद्यात आईवरून शिवी दिली तर माणूस हसून घेईल. हे नाही घेणार. हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं. म्हणून तर हेच वाक्य निवडलं.

वाटलं, तरातरा वर येतील, मला बघतील, एक ठेवून देतील. ते वर आलेच नाहीत. मी फटीतून बघत होतो. त्यांनी हातातलं काम पुरं केलं, तेवढ्यात आलेल्या एका आसारीला त्याचं सोनं वजन करून दिलं. मग खिसे उलटे केले. तंबाखूची डबी, चष्म्याचं फडकं — सगळं आसारीसमोर मांडलं. घमेल्यात हात धुतले, पाय धुतले. आसारी विचारत होता, "एन्न आच्चु?" काय झालं म्हणून. तात्यांनी पाय पुसले. खुंटीवरची पिशवी घेतली आणि सेंट्रल स्टेशनच्या बाजूला चालायला लागले. त्यांची वळकटी माळ्यावर, माझ्या पायाशी होती. ती घ्यायलाही वर आले नाहीत.

हाक मारता आली असती — माझ्या स्वतःच्या आवाजात. का नाही मारली? खरं सांगू? मला हसू आवरत नव्हतं.

मामा आल्यावर आसारीनं त्याला खिशांचं सांगितलं. मामानं रिकामी खुंटी चाचपली. मग म्हणाला, "न मागता खिसे कोण दाखवतो रे?" माझ्याकडं बघितलं. "तू हुतास न्हवं? काय झालं?"

"झोपलो होतो," मी म्हणालो.

तात्यांनी मामाचा फोन उचलला नाही. मग मामानं इकडच्या-तिकडच्या भट्ट्यांवर कळवलं, तात्यांनी सोनं मारलं म्हणून. सोनं गाळणारे गलाईवाले सगळे आमच्याच भागातले, गाव कुठलंही असो, बातमी पोचते. तात्यांना पुन्हा कुणी भट्टीवर उभं केलं नाही. आता गावाकडं दुसऱ्याच्या डाळिंबावर औषध मारतात, असं आई फोनवर सांगते. मी हं म्हणतो.

त्यांची जागा मला मिळाली. आणि काम नसलं की मी आसाऱ्यांना तात्या करून दाखवायचो — खिसे उलटे, मान खाली, काखेत पिशवी. हमखास हशा.

परवा घाईत होतो, हात न धुताच बाहेर पडलो. मामानं दारातच कॉलर धरली, सगळ्यांसमोर.

"हात कोण धुणार, तुझा बाप? चोराची जागा दिली तुला मी. पण तो चोर असून हात धुऊन गेला. तू त्याच्याहून खालचा निघालास."