पहिल्या भागात असल

पाणी घराबाहेर घालवावं कसं, हे आमच्या फुफाजींना जितकं कळत होतं तितकं या भूतलावर दुसऱ्या कोणालाही कळलेलं नाही. आणि पाणी घरात आणावं कसं, हे त्यांच्याइतकं कोणाला न कळलेलंही नाही. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या गोंदियाच्या हवेतच हिंदी मिसळलेली असल्यामुळे आम्ही त्यांना जन्मभर फुफाजीच म्हणत आलो. कामठ्याच्या अलीकडे त्यांचं गाव. धानाची बरी शेती, डोक्याला पांढरी टोपी, पायांत करकरणाऱ्या वहाणा आणि काखेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. टोपी आणि वहाणा दिवसातून बऱ्याचदा निघत. पुस्तक फक्त आंघोळीपुरतं खाली ठेवलं जाई, आणि तेही नजरेच्या टप्प्यात.

हे पुस्तक घरात आलं ते कपबश्यांच्या जागी. देश स्वतंत्र झाला तेव्हा गोंदियात राहणारा एक गोरा इंजिनेर बिऱ्हाड गुंडाळून विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. आत्याबाईने फुफाजींना कपबश्या आणायला धाडलं होतं. फुफाजींच्या मनात मात्र साहेबाची वेताची आरामखुर्ची भरली होती. ती खुर्ची रेल्वेतल्या एका गार्डाने त्यांच्या डोळ्यांदेखत उचलून नेली, तेव्हा निदान बायकोचा शब्द तरी राखावा म्हणून त्यांनी एका बंद खोक्यावर बोली लावली. खोक्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं आणि लिलाववाल्याने ते अक्षरं लावून वाचून 'चिनी मिट्टी का माल' असा पुकारा केला होता. तो अगदीच खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. घरी येऊन खोकं फोडलं तर आत तणसात नीट गुंडाळलेलं, उशीएवढं जाड पुस्तक निघालं. विषय: शहरांतलं सांडपाणी, गटारं, केरकचरा, मैला, धूर आणि उंदीर यांची विल्हेवाट, चिनी मातीच्या नळांसह. कण्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, भाग दुसरा.

आत्याबाईने पुस्तक हातात घेऊन वजन पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अजी, च्या याच्यात पेवाचा का?"

दुसरा कोणी असता तर त्याने ते पुस्तक वाण्याकडे पुड्या बांधायला दिलं असतं. फुफाजींनी ते वाचायला घेतलं. मिडलपर्यंतचं त्यांचं इंग्रजी, त्याच्या मदतीला एक फाटका शब्दकोश, आणि खुणेला तेंदूचं पान. समोरच्या छपरीत एक तखत होतं, त्यावर बसून रोज सकाळी ते आंघोळ करून एक प्रकरण मोठ्याने वाचत. रस्त्याने जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया लांबूनच हात जोडत, कारण आत पोथी चालली आहे असा त्यांचा समज होता. एकदा एक म्हातारी ओटीत तांदूळ घेऊन येऊन बसली, उंदरांचा नायनाट हे प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं आणि डोळे पुसत निघून गेली. फुफाजींनी प्रसाद म्हणून तिला गूळ दिला.

वाचता वाचता फुफाजींना एका गोष्टीचा त्रास होऊ लागला. पुस्तक लिहिणारा साहेब पानापानावर तळाशी बारीक अक्षरांत टीप देई की याचं मूळ पहिल्या भागात पाहा, कोष्टक पहिल्या भागात पाहा, कारण पहिल्या भागात पाहा. पहिल्या भागात पाणी मिळवायचं कसं, साठवायचं कसं, म्हणजे झरे, तलाव, विहिरी, नद्या असं सगळं असावं, हे त्यांनी या टिपांवरूनच ताडलं होतं. कोणी शेतातल्या तळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "फुफाजी, बोडी काऊन आटते जी?" तर ते चष्मा वर सारून गंभीरपणे म्हणत, "थे पहिल्या भागात असल." विहीर कुठं खणू? पहिल्या भागात असल. तलावाची पार काऊन फुटली? पहिल्या भागात असल. हळूहळू गावाने ते वाक्य उचललं. पोराचं लग्न जमत नसलं की बाप म्हणे, पोरगी पहिल्या भागात असल. गाय हरवली की गुराखी तेच म्हणे. मी गोंदियाला शाळेत मास्तर झालो तेव्हा पगार वेळेवर होत नसे, आणि त्याबद्दल मीही घरी हेच उत्तर देत असे.

पण फुफाजी नुसते वाचणारे नव्हते, ते अंमल करणारे होते, आणि गावाचं दुर्दैव तिथूनच सुरू होतं. त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगणातलं पाणी गल्लीत काढायला नाली बांधायची ठरवली आणि अंगणात फरशी घालायला काढली. गवंडी आपली उतार पाहायची पाणसळ घेऊन आला. ती पाहताच फुफाजी उसळले. "हे पाण्याचं आहे. पुस्तकात स्पिरिट सांगतलं आहे, स्पिरिट लेव्हल! साहेब का येडा होता?" स्पिरिट म्हणजे दारू एवढं इंग्रजी त्यांना पक्कं येत होतं. माणूस चिचगडच्या बाजूला धाडून त्यांनी मोहफुलाची पहिल्या धारेची बाटली आणवली, ती फरशीवर आडवी ठेवली आणि आतल्या बुडबुड्याकडे बोट दाखवून गवंड्याला उतार धरायला सांगितलं. पुस्तकाच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. पण फुफाजी कोष्टक पाहायला आत गेले की गवंडी बाटलीतला एक घोट कमी करी, आणि बुडबुडा तेवढा वाढे. दुपारनंतर बाटलीत बुडबुड्याशिवाय काही उरलं नाही आणि ती कशीही ठेवली तरी सगळं बरोबरच दाखवू लागली. गवंड्यालाही सगळी फरशी सारखीच दिसत होती.

पोळ्याच्या सुमारास पाऊस लागला तेव्हा नालीचा गुण कळला. अंगणातलं पाणी गल्लीत जायच्या ऐवजी गल्लीतलं पाणी मानाने फाटकाखालच्या नालीतून आत आलं, फरशीवरून सरळ चालत गेलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबलं. आत्याबाई फुंकणी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि ओरडली, "आलं पाहा तुमचं पुस्तक घरात!"

पुढे नालीचं गल्लीकडचं तोंड बुजवलं, पण फरशीचा उतार काही बदलला नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याने अंगणात पाय धुतले की ते पाणी वळत वळत स्वयंपाकघराकडेच जाई आणि आतून आवाज येई, आलं पाहा तुमचं पुस्तक. नवा पाहुणा दचके. जुने पाहुणे पाय धुऊन त्या आवाजाची वाट पाहत आणि तो आल्यावरच तखतावर बसत.

फुफाजींनी मात्र दोष गवंड्याला दिला नाही आणि बाटलीलाही नाही. उताराचं मूळ कोष्टक पहिल्या भागात होतं, ते नसताना काम काढलं ही चूक झाली, असं त्यांनी जाहीर केलं, आणि पहिला भाग मिळेपर्यंत खोदकामाला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. त्यामुळे त्यांच्यापाशी फक्त केरकचरा उरला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पंगतीच्या शेवटाला ते दोन टोपल्या घेऊन फिरत होते, एक ओल्याची, एक सुक्याची. नवरदेवाचे वडील अजून जेवतच होते. फुफाजी त्यांच्या पत्रावळीवर वाकले आणि अदबीने म्हणाले, "समधीजी, हा लाडू ओल्यात धरू का सुक्यात?" समधीजी उठून उभेच राहिले. त्यांना पुन्हा खाली बसवायला आमच्या वडिलांना पागोटं काढावं लागलं, आणि तेवढ्या गोंधळात फुफाजींनी लाडू सुक्यात धरला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग एका वर्षी पाऊस फार कमी झाला. आत्याबाई ज्या विहिरीवरून पाणी आणी ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तिचं पाणी तळाला गेलं, आणि आत्याबाईचे गुडघे तर त्याआधीच गेले होते. डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड घेऊन ती वाटेत तीनदा बसे. घरात विहीर खणा म्हणून ती मागे लागली. फुफाजी म्हणाले, अर्ध्या पुस्तकावर विहीर खणू नाही. तिने घागर त्यांच्या तखतासमोर आदळली. "अख्ख्या दुनियेचं घाण पाणी कुठं जाते थे तुमाले पाठ आहे. मायी घागर कुठून भरून येते थे कधी पाह्यलं का?" त्या दिवशी फुफाजींनी वाचन केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच गोंदियाला माझ्या खोलीवर येऊन ते म्हणाले, "बाबू, मले पहिला भाग पायजे. तुयी आत्या मरून राहिली पाणी वाहून वाहून." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मी नागपूरची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. काही मिळालं नाही. आणि मिळालं ते कुठे, तर गोंदियातच. एका विद्यार्थ्याच्या आजोबांना भेटायला गेलो, तर ते निवृत्त गार्ड निघाले, आणि ते ज्या वेताच्या आरामखुर्चीत पसरले होते तिचा एक पाय तोकडा होता. त्या पायाखाली उशीएवढं जाड पुस्तक होतं आणि कण्यावर सोनेरी अक्षरं होती. साहेबाने खुर्चीचा तोल पहिल्या भागावर सांभाळला होता आणि लिलावात दोन्ही एकत्रच गेले होते. फुफाजींना त्या दिवशी खुर्ची मिळाली असती तर पाण्याचं शास्त्रही तिच्यासोबत आलं असतं.

फुफाजींना घेऊन मी पुन्हा गेलो. गार्डसाहेब म्हणाले, "किताब ले जाओ भाई, मगर कुर्सी हिलनी नहीं चाहिए. वैसी ही मोटी दूसरी किताब रख दो." तेवढ्या जाडीचं पुस्तक जगात एकच होतं आणि ते फुफाजींच्या काखेत होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि दोन पावलं मागे सरले. शेवटी सागाचा ठोकळा करायचं ठरलं. फुफाजींनी सुताराच्या शेजारी बसून तो तासून घेतला, खुर्चीखाली घातला आणि तोल पाहायला पिशवीतून मोहाची बाटली काढून खुर्चीच्या हातावर आडवी ठेवली. गार्डसाहेबांनी बुडबुड्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. तोल बराच वेळ तपासला गेला. संध्याकाळी गार्डसाहेब खुर्चीत डोलत होते, खुर्ची मात्र हलत नव्हती.

घरी येऊन फुफाजींनी पहिल्या भागाला हळदकुंकू वाहिलं आणि विहिरींचं प्रकरण उघडलं. सारं घर भोवती बसलं होतं. ते वाचत गेले, वाचत गेले आणि एकदम थांबले. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप होती: विहिरीची जागा ठरवण्याआधी घरातलं सांडपाणी कुठे जातं ते पाहावं, त्यासाठी दुसरा भाग पाहा. आत्याबाईने कपाळाला हात लावला. पण फुफाजी तखतावरून उडी मारून खाली उतरले. "दुसरा तं मले पाठच आहे!" ते ओरडले. अंगणात घागर ओतली गेली, पाणी स्वयंपाकघराकडे गेलं, आतून आवाज द्यायला आत्याबाई आत नव्हती म्हणून ती बाहेरूनच ओरडली, आणि त्या पाण्यापासून सगळ्यात लांब आणि सगळ्यात उंच जागा फुफाजींनी शोधून काढली. ती जागा म्हणजे त्यांची समोरची छपरी, आणि त्यातही नेमकं तखत. ते क्षणभर तिथे उभे राहिले. मग त्यांनी तखत स्वतः ओढून बाहेर काढलं आणि छपरीचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायला माणसं लावली.

पाणी लागलं. गोड लागलं. आत्याबाईने पहिली बादली ओढली, ओंजळभर प्यायली, आणि जन्मात प्रथमच त्या पुस्तकांबद्दल वाकडा शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फुफाजी गोंदियाला जाऊन चिनी मातीच्या कपबश्या घेऊन आले. त्यानंतर ती पाणी ओढी आणि ते विहिरीच्या ओट्यावर बसून तिला दोन्ही भाग आलटून पालटून वाचून दाखवत. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण मध्ये थांबले तर ती विचारी, "काऊन थांबले? सरलं का?"

ती दोनेक वर्षंच ते पाणी प्यायली. हिवाळ्यात ताप आला आणि गेली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फुफाजींसमोर जायचं धैर्य होईना, म्हणून मी बरेच दिवस तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा ते विहिरीच्या ओट्यावर बसले होते. दोन्ही भाग शेजारी होते, पण बंद. मी विचारलं, "फुफाजी, करमते का?"

त्यांनी चष्मा वर सारला. मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येणार. "नाही, बाबू," ते म्हणाले. "दोन्ही भाग पाह्यले. याचं कुठंच नाही लिवलं."

मग ते उठले, त्यांनी बादली ओढली आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. पाणी फरशीवरून वळत वळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलं. आम्ही दोघंही तिकडे पाहत थांबलो. आतून कोणी ओरडलं नाही.