खिशातला तुकडा

श्रीरामपुरात माझ्या दुकानाला लागूनच परवान्याची हत्यारं दुरुस्त करणारे एक काका बसतात. गिऱ्हाइकाशी ते तुटक बोलतात, लोखंडाशी मात्र भरभरून. कानस चालवताना, "ये बाय, बस आता जागंवर," अशी त्यांची विनवणी चाललेली असते.

भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमचे दाजी रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्याकडे आले. गोळ्यांचं चक्र फिरवणारा नखाएवढा तुकडा झिजला होता. काकांनी नवा तुकडा दिव्याच्या काजळीवर धरून काळा केला, आत बसवला, परत काढला. जिथं तो अडून काजळी पुसली गेली, तिथंच कानशीचा हलका हात मारला. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. मी तर दुकान उघडं टाकून बघत होतो! शेवटी त्यांनी रिकामं रिव्हॉल्व्हर कानाशी नेलं, घोडा मागं ओढला आणि ओरडलेच, "आइका! बोललं का न्हाई?" खट् करून चक्र नेमकं जागेवर आलं होतं.

दाजीही खुशीत म्हणाले, "लई भारी! उद्या पोराच्या वरातीत दोन बार काढतो."

काकांनी स्क्रू फिरवले, तो तुकडा बाहेर काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"वरात झाल्यावर या, दाजी. बसवून देतो."

दाजींनी लई आदळआपट केली, पण काका हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वरात त्यांच्या दुकानापुढं आली आणि डीजेचा ठोका पडताच काका पायरीवरून उडी मारून थेट नवरदेवाच्या घोड्यापुढं नाचायला लागले. एक हात हवेत, दुसरा खिशावर घट्ट.