पाटात दडलेली पिल्लं

"हिवाळ्यात माशांची पिल्लं जातात कुठे, ते यंदा बघायचंच," प्रशांत फोनवर म्हणाला आणि २००५च्या जानेवारीतली सुट्टी ठरली. प्रशांत नागपूरचा, मस्कतमध्ये पूल बांधणारा इंजिनियर. फावल्या वेळात ओढ्यांतले बोटभर मासे मोजतो.

गुरुवारी सकाळी मस्कतजवळचं अल अमेरात सोडलं. निझवापर्यंत झकास रस्ता, बहलानंतर सांभाळून, मध्येच उंट येतात. इब्रीत रत्नागिरीच्या दाऊदभाईंचं कापडदुकान. अरबी बोलायला तेही गाडीत बसले. पुढे तासभर खडी, फोर व्हीलशिवाय जाऊ नका.

खडी संपते तिथे एक गाव. त्याखालच्या डोहात एकही पिल्लू नव्हतं.

"इंजिनियर, मासे खजुरीवर चढले काय?" दाऊदभाई.

त्या दिवशी गाव फलज साफ करणार होतं. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी बोगद्यातून बागांना नेणारा पाट. पाणी तोडण्याआधी देखरेख करणारे म्हातारे सालेम मासे मोजणाऱ्या प्रशांतला विचारायला आले. आत पिल्लं आहेत का?

"नाहीत. खाली वाहून गेली," प्रशांतने ठामपणे सांगितलं. पाटात त्याने पाहिलंच नव्हतं.

पाणी तुटलं. आम्ही डबे उघडले. हात धुवायला मी पाटाच्या बोगद्याशी वाकलो, तर उरलेलं पाणी चक्क कोमट. एक दगड सरकवला. खाली पिल्लांची दाटी, पाठी उघड्या पडू लागलेल्या. गार डोह सोडून ती इथे उबेला चढली होती.

प्रशांतचा चेहरा उतरला. "दाऊदभाई, सांगा त्यांना, पाणी सोडा!"

"मी काय सांगू? 'नाहीत' असं तूच म्हटलंस. तूच जा."

तो धावत सालेमकडे गेला. इथे मालकाला अर्बाब म्हणतात, हिंदीही बऱ्याच जणांना कळतं. "अर्बाब, मेरी गलती. मैंने देखा नहीं था."

फावडी घेतलेली तीसेक माणसं थांबली. पाणी सोडलं तर त्यांचा दिवस वाया जाणार होता. सालेमनी चिखलात हात घालून एक पिल्लू ओंजळीत घेतलं. ते हललं.

"यल्ला," ते म्हणाले. चला, लागा कामाला.

पाणी सुटलं नाही. फावडी खाली पडली आणि घमेली, बादल्या, आमचे डबेसुद्धा डोहाकडे धावू लागले. प्रशांत बोगद्यात पालथा पडून दगड उचलत होता. "अजून आहेत, अजून आहेत!" शेवटच्या दगडांखालची मात्र निपचित होती.

परतताना निझवात बिर्याणी खाल्ली, रियालभरात पोट भरतं. प्रशांतने ताट तसंच ठेवलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "किती वाचली?" बरीच, मी म्हणालो. प्रशांतला विचारलं असतं, तर त्याने मेलेल्यांचा आकडा सांगितला असता.